मैत्री, तीन मिनिटांत

हल्ली कंपन्यांना एक नवीन खूळ लागलंय. कर्मचाऱ्यांनी आपापल्या मोबाईलवर छोट्या फिल्म करायच्या, स्पर्धेला पाठवायच्या, आणि विषय काय, तर "कामाच्या ठिकाणची मैत्री"! वेळ तीन मिनिटं. बक्षीस म्हणून कसलंसं कूपन. असं एक शूटिंग आमच्याच दिवाणखान्यात झालं, त्यामुळे हे काही मी ऐकीव लिहीत नाहीये. माझं म्हणणं सरळ आहे मंडळी. करणारी पोरं खरी असतात, पण त्यांना जी फिल्म करायला लावतात ती खोटी असते.

भाचीचा मुलगा घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत आहे. शनिवार-रविवारी ऑफिसातल्या चौघांना घेऊन यायचा. आजीचं घर फुकट, चहा फुकट, वर मराठी संवाद तपासायला निवृत्त शिक्षिका फुकट. गोष्ट अशी : नवीन लागलेली मुलगी कॅन्टीनमध्ये एकटीच डबा खातेय. एक मुलगा कॉफीचा कप घेऊन येतो, हसतो, पुढच्याच दृश्यात सहाजण एकमेकांना टाळ्या देतायत. मग पाटी येते, "एक हसू, एक मित्र". सगळे टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले, कॅमेऱ्याकडे पाठ नको म्हणून. गॅदरिंगला आम्हीही पोरांना हेच शिकवायचो, पण गॅदरिंग बघणाऱ्याला हे नाटक आहे हे माहीत असतं.

अहो, हसण्याने मैत्री होत असती तर आमच्या लिफ्टमध्ये भेटणारे सगळे माझे जिवलग झाले असते.

माझी नोकरी कल्याणच्या एका मराठी शाळेत गेली. तिथे गणिताच्या एक बाई होत्या, आमचं अजिबात पटायचं नाही. मग फेब्रुवारी १९९१ मध्ये जनगणनेचं काम लागलं आणि आमचे विभाग आले शेजारीशेजारी. शाळा सुटल्यावर जिने चढायचे, कुत्री चुकवायची, "सायेब घरी न्हाईत" ऐकून परत फिरायचं. एका चाळीत त्यांना चक्कर आली. मी त्यांचे फॉर्म भरले, पुढच्या आठवड्यात माझ्या घरी आजारपण होतं तेव्हा त्यांनी माझे भरले. त्या दिवसांत आम्ही एकमेकींकडे बघून हसलो असू असं मला वाटत नाही. दमच नव्हता! पण त्या बाई आजही दर गुरुवारी फोन करतात. एकीचं ओझं दुसरीने उचललं, आणि ते दोघींच्या लक्षात राहिलं. याचं तीन मिनिटांत शूटिंग कसं करणार?

ठाणे-कल्याण भागातल्या माणसाला हे सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हापासून इथल्या नोकरदाराचं आयुष्य रुळांना बांधलेलं आहे. लोकलमधले ग्रुप कुणी स्पर्धा लावून तयार केले? रोज तीच गाडी, तोच डबा, तीच चेंगराचेंगरी. लेडीज डब्यात मी मटार सोलले आहेत, हळदीकुंकू केलं आहे, एकीच्या मुलीचं लग्न जमवताना पत्रिका हातोहात फिरवल्या आहेत. दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं ते रेल्वेच्या हुकमाने नाही. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या घरी जायचं. हे होण्याचं कारण एकच, ती माणसं वर्षानुवर्षं त्याच जागी सापडायची.

आणि नेमकं हेच आता सापडत नाही. आमच्या माजिवड्यात अजूनही बसथांब्याला गोल्डन डाईज नाका म्हणतात. पोखरण रोडची रेमंडची गिरणी १९२५ सालची, आज त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. कारखान्यांत सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. घाण होती, अपघात होते, संप फुटले की घरं बसायची. पण एका खात्यात वीस-वीस वर्षं शेजारी उभी राहिलेली माणसं होती, ती एकमेकांच्या मयताला खांदा द्यायला यायची. आताच्या पोरांचा करार अकरा महिन्यांचा, टीम तीन महिन्यांनी बदलते, बसायची जागाही ठरलेली नाही, सकाळी मोबाईलवर बुक करायची म्हणे!

वर वेळेचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि दुकानं-आस्थापनांतले ९ वरून १० पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा, जादा पगार, कामगाराची संमती अशा अटी आहेत, मान्य. पण टिटवाळ्याहून येणाऱ्या बाईने बारा तास काम करून, गाडीत लोंबकळून, मैत्री नक्की कधी करायची? रविवारी फिल्मच्या शूटिंगला?

मग कंपन्यांना मैत्रीचा एवढा पुळका का? अमेरिकेतल्या गॅलप या संस्थेची कर्मचाऱ्यांसाठी बारा विधानांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यातलं एक विधान "कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे" असं आहे. कारण मित्र असलेला माणूस काम जास्त करतो, नोकरी लवकर सोडत नाही. म्हणजे मैत्री हवी ती कामाचं वंगण म्हणून. मित्र मित्राला स्वतःचा पगार सांगतो, "हे बरोबर नाही, चल, दोघं मिळून जाऊन बोलू" म्हणतो, ती मैत्री यांना नको असते. पोरांना दिलेल्या सूचनांच्या कागदावर स्पष्ट छापलं होतं : तक्रारीचा सूर नको.

आता मुख्य गोष्ट. त्या चौघांत एक मुलगा होता, अंबरनाथहून यायचा. उजेड पडावा म्हणून आमचा टेबललॅम्प तासन्‌तास हातात धरून उभा राहायचा, आणि फिल्ममध्ये कॉफीचा कप घेऊन येणारा तोच. तिसऱ्या आठवड्यात त्याला बोलावून राजीनामा लिहून घेतला. दोन दिवसांत लॅपटॉप परत. आणि सोमवारी या पोरांना निरोप, फिल्म चांगली झाली आहे, फक्त "जे आता आपल्यात नाहीत" त्यांची दृश्यं काढून पाठवा. जणू पोरगा वारलाच!

मी भाच्याला विचारलं, काय करणार? म्हणाला, "आजी, अगदीच काही नसण्यापेक्षा हे बरं ना? निदान मैत्रीचं नाव तरी निघतं ऑफिसात." हे बऱ्याच जणांचं म्हणणं असेल. मला ते पटत नाही. शेजारच्या खुर्चीतला माणूस उठवल्यावर जे ऑफिस त्याचं चित्रसुद्धा पुसायला सांगतं, तिथे मैत्रीचं नाव काढणंच वाईट. त्याने बाकीच्यांना धडा मिळतो की गेलेल्याला फोन करायचा नसतो.

खरी फिल्म तर त्यांच्या मोबाईलमध्ये पडलेली आहे. मी सगळे तुकडे पाहिले. दिवा धरून हात भरून आला म्हणून कुरकुरणारा तो मुलगा, त्याच्या तोंडात वडापावचा घास भरवणारी ती "नवीन" मुलगी, बाविसाव्या वेळीही वाक्य चुकणारा आमचा भाचा, आणि मागून माझा आवाज, "मी नाही, मीऽऽच नाही असं म्हण!" राजीनाम्यानंतरच्या रविवारीही चौघं आले होते, शूटिंग नव्हतं तरी. डायनिंग टेबलावर बसून त्या मुलाचा बायोडाटा नीट करत होते, चारही बाजूंना, दोघांची कॅमेऱ्याकडे पाठ. तेवढं मात्र कुणीतरी चुकून रेकॉर्ड केलंय. या फिल्ममध्ये हसू फारसं नाही, आणि पाटी तर नाहीच.

तुमच्या घरातही कुणी असली फिल्म करत असेल तर तिच्या काढून टाकलेल्या तुकड्यांत कोण कोण आहे ते जरा विचारा. चहा देणारे काका, हाऊसकीपिंगच्या बायका, गेटवरचा वॉचमन हे बहुधा तिथेच सापडतील. कंत्राटी माणसं स्पर्धेच्या नियमात बसत नाहीत.

शुक्रवारी रात्री बारापर्यंत फिल्म पाठवायची मुदत आहे. कॉफी आणणारा मुलगा अजून फिल्ममध्ये आहे. काढायचा की नाही यावर त्या तिघांचं काल रात्री उशिरापर्यंत आमच्या बाल्कनीत भांडण चाललं होतं, आणि चौथा अंबरनाथहून फोनवर सांगत होता, "माझ्यासाठी बक्षीस घालवू नका रे."