शेवंतीचे दिवे आणि टायमर: वीज गेली तरी घड्याळ चालले पाहिजे

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही कोल्हापूरची जुनी मागणी. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी महावितरणच्या कोल्हापूर कार्यालयासमोर ठिय्या मांडला तो दिवसा १० तास विजेसाठीच. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली, तिचा रोखही दिवसाच्या विजेवर आहे. रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजणाऱ्यांसाठी हे चांगलेच. पण पॉलिहाऊसमध्ये शेवंती करत असाल, तर तुमची गरज उलटी आहे. तुम्हाला वीज मध्यरात्री लागते.

शेवंती कमी दिवसाचे पीक. आपल्याकडे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवसही साधारण १३ तासांचा, त्यामुळे दिवे नसतील तर रोप पुरेसे उंच होण्याआधीच कळी धरते. म्हणून शाखीय वाढीच्या काळात रात्री १० ते २ दिवे लावून रात्र मधोमध तोडतात. सलग काही रात्री दिवे चुकले की दांडा आखूड राहतो, आणि कळी धरल्यावर दिवे लावून फारसा उपयोग नाही.

आता टायमर. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या तबकडीच्या अनेक टायमरना बॅटरी नसते. वीज गेली की त्यांचे घड्याळ थांबते. असा टायमर दिवसाला ८ तासच वीज असणाऱ्या फीडरवर लावला, तर त्याची तबकडी एक फेरा पूर्ण करायला तीन दिवस घेईल! तासभर वीज जाणाऱ्या गावातही आठवड्यात दिवे काही तास पुढे सरकतात. म्हणून आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमरच घ्या. पारख सोपी आहे: वेळ लावा, वायर काढून दोन दिवस ठेवा, मग घड्याळाशी ताडून पाहा.

लावताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे सकाळ-रात्रीची गफलत, त्यामुळे २४ तासांचे घड्याळ असलेला घ्या. दुसरी म्हणजे १० ते २ ही वेळ मध्यरात्र ओलांडते. ‘चालू’ आणि ‘बंद’ दोन्ही आज्ञा आठवड्याच्या सातही दिवसांना लागल्या आहेत ना, ते बघा.

टायमरवर १६ अँपिअर लिहिले असले तरी सगळा भार त्यावर टाकू नका. एलईडी दिवे आणि मोटर चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह खेचतात आणि टायमरचे संपर्क चिकटतात. मग दिवे बंदच होत नाहीत. टायमरने फक्त कॉन्टॅक्टर चालवावा, भार कॉन्टॅक्टरने उचलावा. आपल्याकडे रात्रीचा व्होल्टेजही खाली-वर होतो, तेव्हा दोन्ही किती व्होल्टपर्यंत चालतात ते खरेदीआधी वाचा. फॉगरला हा टायमर चालत नाही. त्याला सेकंदांत चालू-बंद करणारा वेगळा सायक्लिक टायमर लागतो.

तरीही शेतीच्या फीडरवर रात्री वीजच नसेल, तर चांगला टायमरही काय करणार? लागवडीआधीच महावितरणच्या शाखा कार्यालयात रात्री वीज असणाऱ्या वेगळ्या जोडणीची चौकशी करा. पंपाच्या जोडणीवरून परस्पर दिवे ओढू नका. इन्व्हर्टर हा दुसरा मार्ग, पण दिव्यांचे एकूण वॅट गुणिले चार तास एवढी बॅटरी परवडते का, हा हिशेब आधी मांडा. पॅनेल फॉगरच्या तुषारांपासून दूर, बंद पेटीत बसवा आणि त्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घाला. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी काम करणारी माणसे तिथे असतात.