आणि खेळाचे काय?

कणकुंबी म्हटले की आम्हा गोंयकारांना एकच गोष्ट आठवते. म्हादई. कळशाचा नाला, शेजाऱ्यांनी खोदलेला कालवा, २०१० साली नेमलेला लवाद आणि २०१८ सालचा त्याचा निवाडा. आमच्या कचेरीत चहाच्या वेळी हा विषय निघाला की प्रत्येक जण पाटबंधारे खात्याचा मुख्य अभियंता होतो. माझी कणकुंबी मात्र वेगळी आहे. केरीहून चोर्ला घाट चढून वर गेले, गोव्याची हद्द संपली आणि बेळगावच्या दिशेने थोडे पुढे सरकले की माउलीचे देऊळ येते. तिथे माझी धाकटी बहीण दिली आहे. राज्ये वेगळी, भाषेचे वाद वेगळे, पण सत्तरी आणि खानापूर तालुक्यातली सोयरीक कुठल्या आयोगाला विचारून होत नाही.

भावोजी कीर्तन करतात. वर्षातले निम्मे दिवस सप्ताह, उत्सव, गावोगावचे फिरणे. चार वर्षांपूर्वी दोघांनी ठरवले की मुले शाळेत घालायची नाहीत, घरीच शिकवायची. भाची आता बारा वर्षांची, भाचा नऊचा. चौदा पूर्ण झाली की मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची, असा बेत आहे. या निर्णयावर माझे भावोजींशी चिक्कार वाद झाले आहेत, आणि ते संपलेले नाहीत. पण आज तो विषय नाही.

विषय आहे एका प्रश्नाचा. हे ऐकल्यावर आमच्या कचेरीतल्या एकानेही विचारले नाही की गणित कोण शिकवतो, इंग्रजीचे काय करणार. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. "आनी खेळ? खेळाचें कितें?" आवाज असा, की जणू दोन पोरांना खाटेला बांधून ठेवले आहे!

म्हणजे खेळ शाळेतच असतो, किंवा फी भरून लावलेल्या कोचिंगमध्ये असतो, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. मंडळी, माझे भांडण या समजुतीशी आहे.

आधी माझाच पंचनामा करतो. मुलगा दहा वर्षांचा असताना मी त्याला क्रिकेटच्या कोचिंगला घातले. फी भरली, किट घेतले, पांढरे बूट घेतले. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते सात. मी स्कूटरवर बसून वाट बघायचा. एकदा कंटाळा आला म्हणून घड्याळ लावून मोजले. तीस मुले, दोन तास. त्यात माझ्या पोराच्या हातात बॅट होती अकरा मिनिटे. बाकी वेळ रांग, दुसऱ्याचा चेंडू आणून देणे आणि उभे राहणे. आणि त्या दोन तासांत मी किती हललो? शून्य. तीस पोरांचे तीस बाप स्कूटरवर बसून मोबाईल बघत होते आणि आपण मुलांच्या आरोग्यासाठी केवढा त्याग करतो या समाधानात पोट वाढवत होते.

शेवटी निवड चाचणी लागली, ती नेमकी चवथीच्या दिवशी. घरात गणपती बसायचा आणि पोराने मैदानावर जायचे! विचारले तर उत्तर आले, "ज्यांना खेळाची आस्था आहे ते येतील." मुलगा गेला नाही. त्यानंतर त्याला कोणी बोलावलेही नाही. किट अजून माळ्यावर आहे.

देव आणि खेळाचे वेळापत्रक यांची टक्कर आपल्याकडेच होते असे नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूची १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. रविवार देवाचा, म्हणून तो धावला नाही. मग ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. अमेरिकेत धर्मश्रद्धेपोटी मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांच्यापुढेही हाच पेच: शाळेत नाव नाही, तर शाळेच्या संघात कसे घेणार? टिम टीबो हा प्रसिद्ध फुटबॉलपटू (त्यांचा फुटबॉल, हाताने धरून पळायचा) असाच घरी शिकलेला. फ्लोरिडाच्या कायद्याने घरी शिकणाऱ्यांना शाळेच्या संघाचे दार उघडले होते, म्हणून तो खेळू शकला. पुढे इतर राज्यांत अशा कायद्यांना त्याचेच नाव पडले. ठीक आहे. पण मला वाटते, आपल्याला दार ठोठावायची गरजच कमी आहे. आपले मैदान घराबाहेरच होते. आपण त्याला मैदान म्हणायचे विसरलो.

गेल्या दिवाळीनंतर चार दिवस कणकुंबीला राहिलो. पहाटे भाचा हलवून उठवतो. अंगणात सूर्यनमस्कार. भावोजी, बहीण, भाची, भाचा, चौघेही ओळीत. मी पायरीवर चहा घेऊन. भाची म्हणते, "मामा, तू का बसलास?" मी म्हटले, तुमचे चालू दे, मी बघतो. ती म्हणाली, "हे बघायचे नसते." अकरा मिनिटांचा सगळा हिशेब त्या एका वाक्यात चुकता झाला.

सूर्यनमस्कार हा काही नुसता मुंजीतला विधी नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्याचा ध्यासच घेतला. आपल्या संस्थानातल्या शाळांत सुरू केला, त्यावर पुस्तके लिहिली. राजा स्वतः रोज घालायचा, हे महत्त्वाचे. स्कूटरवर बसून नव्हे.

नंतर दिवसभर फिरणे. मलप्रभेचा उगम कणकुंबीचाच. ते पाणी पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच गावातला कळसा पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो, तीच पुढे आपली मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्र गाठते. भाच्याने मला सकाळी एका पाण्याला हात लावायला लावला आणि दुपारी दुसऱ्या. एका दिवसाच्या चालण्यात दोन समुद्र! लवादाचे कागद वाचून मला जे उमगले नव्हते ते पोटऱ्या दुखल्यावर उमगले. हा भूगोल झाला, व्यायाम झाला, आणि माउलीच्या पाया पडूनच निघायचे असल्यामुळे देवही झाला. याला फी किती? शून्य. गणवेश? जुनी चप्पल.

पौषात बहीण मुलीला घेऊन सत्तरीत आमच्या घरी येते, धालोंसाठी. चांदण्यात मांडावर समोरासमोर बायकांच्या दोन रांगा, हातात हात अडकवून पुढे यायचे, वाकायचे, मागे जायचे. तासन् तास, आणि असे सलग काही रात्री. सत्तरीची आजी आणि बारा वर्षांची नात एकाच रांगेत. सांगा बघू, कुठल्या क्रीडा संकुलात आजी आणि नात एका संघात असतात? तिथे तर 'चौदा वर्षांखालील', 'सोळा वर्षांखालील' असे खण पाडलेले. आमच्या कपाटातल्या फायलींसारखे.

चवथीची फुगडी घ्या. करवंट्या घेऊन घालायची फुगडी कधी घालून बघा, गुडघे काय बोलतात ते ऐका. शिगम्यातली रोमटे, घोडेमोडणी, काणकोणकडचा गोफ. गोफ विणताना पाय चुकला तर दोरी चुकते, आणि चूक सगळ्या गावाला दिसते. माशेलचा चिखलकालो बघा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवळातले भजन आटोपल्यावर अंगाला तेल लावून देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलात लहानथोर उतरतात आणि कृष्णाच्या बाळपणातले म्हणून खेळ खेळतात. खेळ हीच पूजा. पंढरीच्या वाटेवरचे वारकरी पाहा. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, आणि एवढे चालून दमलेली माणसे वाटेत विश्रांती म्हणून काय करतात? फुगड्या घालतात!

आता यावर कोणी म्हणेल की आपण हे सगळे जपतोच आहोत, शिगम्याच्या मिरवणुका होतात, फुगडीच्या स्पर्धा होतात. होतात ना! तिथेच तर घोडे पेंड खाते. मांडावरची फुगडी उचलून मंचावर नेली, तिला मिनिटांची मर्यादा घातली, सारख्या रंगाची लुगडी नेसवली, समोर परीक्षक बसवले. ज्या खेळात सगळे गाव हलायचे त्यात आता बारा बायका हलतात आणि गाव खुर्चीवर बसते. २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात लगोरीलाही प्रात्यक्षिक म्हणून जागा मिळाली. आनंद झाला, खोटे कशाला बोला. पण त्यानंतर आमच्या वाड्यावर कोणी सात खापऱ्या रचलेल्या मी पाहिल्या नाहीत. लगोरी टीव्हीवर पोहोचली आणि अंगणातून गेली.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दमण्याइतकी हालचाल करावी. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली मांडलेला जगाचा हिशेब असा की अकरा ते सतरा वयाच्या पाचांतली चार मुले तेवढी हालचाल करत नाहीत. यातली बहुतेक शाळेत जाणारीच ना? मग "खेळाचें कितें?" हा प्रश्न फक्त माझ्या बहिणीलाच का?

इथवर वाचून घरी शिकवणारे भाविक पालक खूश झाले असतील, तर त्यांनी जरा थांबावे. पुढचे त्यांच्यासाठी आहे.

भावोजींच्या ओळखीतली अशी एक-दोन घरे मी पाहिली. मुले पहाटेपासून मांडी घालून. स्तोत्र झाले की पाठांतर, पाठांतर झाले की पोथी. मूल उठले की "चंचल आहे" असा शेरा. अहो, ज्या रामदासांचे श्लोक तुम्ही घोकून घेता त्यांनी गावोगाव मारुती कशासाठी बसवला? आसनावर बसून राहायला? आणि मुलींचे तर विचारूच नका. मुलगा तरी झाडावर चढतो, मुलीला "आता मोठी झालीस" म्हणून घरात घेतात. धर्माच्या नावाने शाळेतून काढले आणि धर्माच्याच नावाने अंगणातूनही काढले, तर त्या पोरीने जायचे कुठे?

दुसरी गोष्ट याहून कठीण, आणि ती मी बहिणीला तोंडावर सांगितली. तुमची मुले चालतात, पोहतात, नमस्कार घालतात, सगळे छान. पण कोणाबरोबर? आईबाबांबरोबर. हरतात कोणापुढे? बापापुढे, आणि बाप मुद्दाम हरतो. परक्या पोराने ढकलले, चिडवले, डाव दिला नाही, मग संध्याकाळी त्याच्याच गळ्यात हात घालून घरी आलो, हे शिक्षण घरात मिळत नाही. कोच नसला तरी चालेल. दुसरी पोरे नसली तर चालणार नाही. मांड गावाचा असतो, घराचा नसतो. शाळेत जाणारी, न जाणारी, मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, आपल्या जातीची आणि दुसऱ्या जातीची, सगळी पोरे जिथे येतात तिथे तुमची पोरे गेली पाहिजेत. नाहीतर घरशाळा म्हणजे नुसते कुंपण.

बहीण रागावली. दोन दिवस धड बोलली नाही. म्हणाली, शाळेतली पोरे तरी हल्ली खेळायला कुठे येतात दादा, चार वाजता शिकवणीला जातात. आम्ही मांडावर जाऊ हो, पण मांडावर कोणी आहे का? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने भाच्याला देवळाजवळ सोडले आणि ती मागे थांबली नाही. तासाभराने तो ढोपर फोडून, रडत आला. कोणी पाडले ते सांगेना. दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वतःच चप्पल घालून उभा!

कोचिंगवाल्यांनी माझ्यावर रागावू नये. ज्या मुलाच्या पायात खरोखर वेग आहे त्याला जाणकार गुरू हवाच. पोहणे तर माहीतगाराशिवाय शिकवूच नये, आणि आमच्याकडच्या पावसाळी ओहोळात अजिबात नाही. पण शंभरातली दोन-चार मुले खेळाडू होणार म्हणून बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे आणि सगळ्या आईबापांनी कडेला बसायचे, हा कुठला न्याय?

मी पोराची फी भरत होतो ती खरे तर स्वतः न हलण्याची फी होती. हे कळायला मला भाचीचे एक वाक्य लागले.

सध्या रविवारी मी आणि मुलगा चालतो. तो आता सोळाचा आहे, माझ्या पुढे असतो आणि मधूनमधून थांबून मागे बघतो. माझे गुडघे कुरकुरतात. येत्या पौषात बहिणीने आमच्या सौभाग्यवतीला मांडावर बोलावले आहे. ती म्हणते, मला लाज वाटते, वीस वर्षांत धालो खेळले नाही. मी म्हटले, जा. हे बघायचे नसते.

तेव्हा मंडळी, पुन्हा कोणी "खेळाचें कितें?" विचारले, तर त्याला उलट एवढेच विचारा: तू शेवटचा कधी खेळलास?