दाणा ओळखणारे हात गेटबाहेर का?

राज्यात कारखाना येणार म्हटलं की तीन आकडे छापून येतात: किती एकर, किती कोटी, किती रोजगार. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी शिरूर तालुक्यातल्या रांजणगावसाठी असेच आकडे आले. केंद्राने तिथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं क्लस्टर मंजूर केलं. जागा २९७ एकर, खर्च ४९२ कोटींहून अधिक, त्यातले जवळपास २०८ कोटी केंद्राचे, आणि पाच हजारांवर रोजगाराची अपेक्षा. वेदांत-फॉक्सकॉन आणि टाटा-एअरबस हे प्रकल्प गुजरातला गेल्यावरून तेव्हा राजकारण तापलं होतं, त्यामुळे बातमी गाजली. चौथा आकडा मात्र चर्चेत आलाच नाही: यातल्या किती नोकऱ्या कायमच्या असतील आणि त्या कुणाला मिळतील?

हा प्रश्न आपण विचारायला हवा, आणि तो प्लास्टिक उद्योगाच्या निमित्ताने विचारायला हवा, असं मला वाटतं. फ्रिजचा दरवाजा उघडून बघा. आतली पांढरी भिंत प्लास्टिकच्या शीटची, भाजीचा ट्रे प्लास्टिकचा, भिंतीच्या पोटात भरलेला फोम पॉलियुरेथेनचा. मोटारीचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा. रांजणगावात एलजी, व्हर्लपूल, हायर आहेत; फियाट आणि टाटांचा मोटारींचा कारखाना आहे. अशा प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे मोल्डिंग करणारे, साचे बनवणारे, पॅकिंग पुरवणारे छोटे कारखाने लागतात. प्लास्टिक आणि नव्या मटेरियलचे उद्योग आपल्याकडे यावेत असं राज्याला वाटतं. मलाही वाटतं. दहावी-बारावी झालेल्या मुलाला हात बसवायला हीच जागा आहे.

उद्योग आणण्यासाठी राज्य सामूहिक प्रोत्साहन योजना राबवतं. राज्याच्या वाट्याच्या जीएसटीतून परतावा, वीज शुल्कात सूट, मुद्रांक शुल्क माफी. मागास भागात सवलत जास्त. हा पैसा तुमच्या-माझ्या करातला आहे. त्याच्या बदल्यात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, ही राज्याची जुनी अट. पण टक्केवारी भरली म्हणून नोकरी चांगली ठरत नाही. ठेकेदार बदलला की पुन्हा नवखा होणारा, पाच वर्षं मशिनवर उभा राहूनही हातात प्रमाणपत्र नसणारा मुलगासुद्धा स्थानिकच असतो.

आपल्या मुलांसाठी यात आणखी एक गाठ आहे. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनिशी सांगितलं. २०१४ च्या अध्यादेशातलं पाच टक्के आरक्षण शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांपुरतं होतं, तेही टिकलं नाही. कारखान्याच्या गेटवर त्याचा उपयोग नव्हताच. ठेकेदाराची भरती ओळखीवर चालते. आपली ओळख कमी, आणि काही ठिकाणी आडनाव ऐकलं की जागा भरलेली असते. याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बोलताना आपल्या हातात काय आहे, तेही मोजलं पाहिजे.

आपल्यातली बरीच घरं भंगारच्या धंद्यावर चालतात. पाण्यात टाकलं की पीपी आणि एचडी तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी बुडतं. जळताना कशाचा वास कसा येतो. कुठला माल क्रश करून दाणा होईल आणि कुठला फेकावा लागेल, हे या घरांतल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून कळतं. यालाच डिप्लोमात पॉलिमरची ओळख म्हणतात. घरात मात्र त्याला हलकं काम म्हणतात आणि लग्नाच्या बोलणीत लपवतात.

आता कायद्यानेच या कामाला किंमत आणली आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी डबे, बाटल्या अशा कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक वापरण्याचं वेळापत्रक घालून दिलं. म्हणजे मोठ्या कंपन्यांना चांगला, कागदपत्रांसह आलेला दाणा लागणार. गोदाम नोंदणीकृत नसेल, जीएसटीचं बिल नसेल, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी नसेल, तर हा धंदा आपल्या हातून जाईल. भांडवलवाला येईल आणि आपण त्याच्याकडे रोजंदारीवर माल निवडत बसू.

दौंड तालुक्यातलं कुरकुंभ दुसरी बाजू दाखवतं. ती रासायनिक वसाहत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्याला रात्री आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडून पळावं लागलं. सांडपाण्याच्या तक्रारी तर जुन्याच. कच्चा माल बनवणारे उद्योग बोलावताना त्या धुराचा आणि पाण्याचा हिशेब गावाला आधी द्यायला हवा. रोजगार हवा असेल तर हे सोसा, असा सौदा कुणीही मान्य करू नये. उघड्यावर प्लास्टिक जाळणाऱ्या आपल्या गोदामांनाही हेच लागू आहे.

मग मागायचं काय? सवलतीचा हप्ता प्रशिक्षणाशी जोडा. ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असं शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे नियम सांगतात. किती कारखान्यांनी घेतले, याची यादी एमआयडीसीच्या कार्यालयाबाहेर लावा. कारखान्यांच्या स्क्रॅपचे ठेके दादागिरीवर न देता खुल्या निविदेने द्या. शिरूर आणि दौंडमध्ये साचे आणि मोल्डिंगचं सरकारी प्रशिक्षण द्या. यातली एकही मागणी फक्त मुसलमानांची नाही. मराठा, दलित, धनगर मुलांच्या सोबतीने ती करता येते, आणि तशीच करावी.

आपल्या बाजूचं काम आपण करायचं. दहावीनंतर सिपेट या केंद्रीय संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञान आणि प्लास्टिकचे साचे, असे तीन वर्षांचे दोन डिप्लोमा आहेत. छत्रपती संभाजीनगरला तिचं केंद्र आहे, प्रवेश परीक्षेतून मिळतो. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा ट्रेड आहे. उत्पादन बदललं तरी साचा बनवणाऱ्याची गरज संपत नाही. मुलींना यातून वगळू नका. डिझाइन आणि तपासणीच्या टेबलावर त्या सहज काम करतील; त्यांच्यासाठी सुरक्षित बस आणि घरच्यांची साथ एवढं हवं. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न पगार आल्यावर आपोआप लहान होतो.

प्रत्येक मोहल्ल्यात, जमातीच्या बैठकीत, मशिदीच्या कमिटीत आपण किती तरी विषय बोलतो. यंदा दहावीच्या निकालानंतर एक बैठक फक्त या प्रवेशांसाठी घ्या. फॉर्म भरायला बसा, शिष्यवृत्तीचे कागद जमवा, आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही बोलवा. पुढच्या वेळी रांजणगावात नवा कारखाना जाहीर होईल, तेव्हा चौथा आकडा विचारायला आपल्याकडे शिकलेली माणसं हवीत.