धुराचा उपाय धुराड्यापाशीच

23 नोव्हेंबर 2025 रोजी इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. त्याची राख दुसऱ्याच रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आकाशात आली आणि काही विमाने रद्द झाली. असा धूर अवकाशातून सूक्ष्म कणांचा झोत सोडून साफ करावा, अशी एक कल्पना मांडली जाते. कल्पना आकर्षक आहे, पण आमच्या मते तिच्यावर भिस्त ठेवू नये.

1991 साली फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड आकाशात सोडला. एवढ्या ढगाला पुरेल इतकी वीज अवकाशात आणायची कुठून? शिवाय विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वाकतो.

झोताचे विज्ञान मात्र खरे आहे. पोलंडमधल्या पोमोझानी वीज केंद्रात कोळशाच्या धुरात अमोनिया मिसळून इलेक्ट्रॉनचा झोत सोडला गेला. विषारी वायू कमी झाले आणि त्यांचे खत बनले. पण हे साधले धूर बाहेर पडण्याआधी, कारखान्यातच. तथागतांनीही दुःखाचे कारण शोधून तिथेच उपाय करायला शिकवले.

ती राख विमानांच्या उंचीवरून निघून गेली. भांडगावच्या वस्तीत लेकरांच्या छातीत जातो तो जमिनीवरचा धूर: चुलीचा, पेटवलेल्या कचऱ्याचा आणि दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत जळण म्हणून टाकलेल्या प्लास्टिक-टायरचा. मजुरी बुडेल या भीतीने आपण गप्प बसतो. गुऱ्हाळ बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. उसाचे चिपाड जाळा, प्लास्टिक नको, एवढीच मागणी आहे. 1981 चा वायुप्रदूषण कायदा आपल्या बाजूने आहे. ग्रामसभेत ठराव मांडा, तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

घरात चूल पेटलेली असताना तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला धुरापासून दूर ठेवा, दार-खिडकी उघडी ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. ही तपासणी मोफत असते.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले. स्वच्छ श्वास हाही हक्कच आहे.

जय भीम!