भाजीची उधारी, घराचा लिलाव आणि न्यायमूर्ती मोकगोरो

न्यायासनावर कोण बसते याने निकालात फरक पडतो का? ‘न्यायाला जात नसते’ असे म्हणून हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच उडवून लावला जातो. म्हणून आम्ही तरुण वाचकांना दक्षिण आफ्रिकेतील एक खटला सांगू इच्छितो.

प्रिन्स अल्बर्ट या लहानशा गावातल्या एका आजारी, बेरोजगार महिलेने २५० रँड उसने घेतले होते. दुसऱ्या एका विधवेने १९० रँडची भाजी उधार घेतली होती. दोघींनाही पैसे फेडता आले नाहीत. सरकारी अनुदानातून मिळालेली त्यांची घरे लिलावात निघाली. एकीचे ५,००० रँडला गेले, दुसरीचे फक्त १,००० रँडला. हे अनुदान पुन्हा मिळत नाही, म्हणजे घर गेले ते कायमचेच. आणि हे सारे कायद्याला धरूनच झाले होते! जंगम मालमत्ता पुरत नसेल तर न्यायालयाचा कारकून घरावर जप्ती काढू शकत असे. न्यायाधीशाने कागद पाहण्याचीही गरज नव्हती.

उच्च न्यायालयात या महिला हरल्या. २००४ मध्ये संवैधानिक न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तो लिहिला न्यायमूर्ती इव्हॉन मोकगोरो यांनी. राज्यघटनेच्या कलम २६ मधील निवाऱ्याच्या हक्काचा आधार घेऊन त्यांनी ठरवले की न्यायाधीशाने सर्व परिस्थिती तपासल्याशिवाय कोणाचे घर विकता येणार नाही. घराच्या विक्रीवर सरसकट बंदी मात्र त्यांनी घातली नाही. तशी बंदी घातली तर गरिबाला भांडवल उभे करणेच अवघड होईल, हे त्यांनी ओळखले होते. गरिबाची कणव करणारे पुष्कळ असतात, त्याचा व्यवहार समजणारे थोडे.

ही समज कुठून आली? मोकगोरो यांचा जन्म १९५० चा, किंबर्लीजवळच्या गलेशेवे या कृष्णवर्णीय वस्तीतला. त्यांनी रुग्णालयात मदतनिसाचे काम केले, दुकानात विक्रेती झाल्या, कारकुनी केली. एका तरुणाला पोलीस पकडत असताना त्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांनाही अटक झाली. त्यांची बाजू मांडली रॉबर्ट सोबुक्वे यांनी. रॉबेन बेटावरच्या तुरुंगवासानंतर त्यांना किंबर्लीतच स्थानबद्ध ठेवले होते. स्त्रियाही वकील होऊ शकतात, हा विचार त्यांनीच या तरुणीच्या मनात पेरला. पुढे त्या सरकारी वकील झाल्या, मग कायद्याच्या प्राध्यापक. १९९४ मध्ये मंडेलांनी त्यांची नेमणूक केली. संवैधानिक न्यायालयातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. अकरा जणांत स्त्रिया दोनच, दुसऱ्या केट ओरेगन.

१९९५ मध्ये याच अकरा जणांनी फाशी रद्द केली. त्या खटल्यात मोकगोरो यांनी स्वतंत्र मत लिहून ‘उबुंटू’ या आफ्रिकी मूल्याला घटनेच्या अर्थनिर्णयात स्थान दिले. माणूस माणसांमुळे माणूस असतो, असा त्याचा साधारण अर्थ. बाबासाहेबांची बंधुता वाचलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. २००४ मध्येच त्यांनी मोझांबिकहून येऊन स्थायिक झालेल्यांनाही सामाजिक अनुदानाचा हक्क मिळवून दिला. २००९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या माध्यमांनी या निधनाची फारशी दखल घेतल्याचे आम्हाला दिसले नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनेचे कलम १७४ स्पष्ट सांगते की न्यायाधीश नेमताना देशाची वांशिक आणि लिंगभावाची रचना न्यायसंस्थेत उमटण्याची गरज विचारात घ्यावी. आपल्या कॉलेजियमवर असे कोणतेही घटनात्मक बंधन नाही. १९८९ मध्ये न्या. फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयात आल्या. त्यानंतर आलेल्या महिला न्यायाधीशांची संख्या आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहे आणि त्यांत दलित महिला एकही नाही. न्या. भूषण गवई सरन्यायाधीश झाले तेव्हा आपण गावोगावी आनंद साजरा केला, तो रास्तच होता. पण आपल्या घरातल्या एलएलबी झालेल्या मुली वकिली का सोडतात, हे कोणी विचारत नाही. ज्युनिअर म्हणून पहिली तीन-चार वर्षे हातात जवळजवळ काहीच पडत नाही आणि घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नसते. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च एका वर्षी वाचवला, तरी तालुक्याच्या कोर्टात एक मुलगी वर्षभर टिकेल. यंदाच्या बैठकीत हा विषय कोण मांडणार?