संगणकांतील निर्माल्य

यंत्र घरांत आलें कीं त्याचा केरहि घरांत येतो, हें आम्हांस गेल्या महिन्यांत नीट समजलें.

संगणकावर नकाशे काढण्याची एक प्रणाली आमच्या नातवानें बसवून दिली आहे. कोंकणांतील सामायिक जमिनीचा नकाशा करावा, अशी घरांतील सर्वांचीच इच्छा होती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे उत्तमच, पण त्यांत जमिनीवरील ५०० मीटर म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर. २० मीटर रुंदीचें खाचर तेथें अर्ध्या मिलिमीटरांतहि मावून जातें! तेव्हां गांवनकाशा स्कॅन करून संगणकांत घेतला, तो अक्षांश-रेखांशांवर बसविला, आणि वर प्रत्येक खाचराचें नांव लिहिलें. हीं नांवें कोणत्याहि दप्तरांत नाहींत. तीं आमच्या थोरल्या वहिनींस मुखोद्गत होतीं. त्या सांगत व नातू लिहून घेई. वहिनी आज नाहींत.

पुढें नातू पुण्यास शिकावयास गेला व यंत्र आमच्या हातीं आलें. एके दिवशीं प्रणाली अडून बसली. 'जागा शिल्लक नाहीं' एवढेंच ती म्हणे. शोधतां आढळलें कीं, तात्पुरत्या फायलींच्या कप्प्यांत शेंकडों फायलींचा ढीग साचला आहे. सगळें पुसून टाकावें असें आमच्या मनांत आलें, आणि आम्ही पुसणारहि होतों.

हा ढीग होतो कसा? व्याकरण शिकलेल्या वाचकांस पाणिनीचे इत् वर्ण आठवतील. शब्द सिद्ध करतांना ते आपलें काम करितात आणि मग त्यांचा लोप होतो. सिद्ध शब्दांत त्यांचा मागमूस नसतो. नकाशाची प्रणालीहि पायरीपायरीला अशा मधल्या फायली लिहिते व बंद होतांना त्या काढून टाकते. परंतु वीज गेली किंवा प्रणाली मध्येंच कोसळली, तर लोपाचें सूत्र लागतच नाहीं, आणि त्या फायली तशाच पडून राहतात. त्यांचा आकारहि लहान नसतो. १०,००० बिंदु लांब व तितकेच रुंद असें रंगीत चित्र घेतलें, तर १० कोटि बिंदु झाले. प्रत्येकास ३ बाइट, म्हणजे ३० कोटि बाइट. मूळ चित्र दाबून ठेवलेलें असल्यानें लहान दिसतें. मधली प्रत पुष्कळदां न दाबतां लिहिली जाते. अशा चित्राचा नकाशा पांच वेळां बसवून पाहिला, तर दीड अब्ज बाइट तेथेंच अडकतात.

सुदैवानें, पुसण्यापूर्वीं नातवास दूरध्वनि करण्याची बुद्धि झाली. तो घाबरून म्हणाला, "आजोबा, थांबा! थराच्या नांवावर बाण नेऊन त्याची फाइल कोठें आहे, तें आधीं पाहा." पाहतों तों वहिनींच्या नांवांचा थर त्याच कप्प्यांत! नातवानें घाईंत तो 'तात्पुरता' म्हणूनच काढला होता. प्रकल्प जतन केला म्हणजे सर्व जतन झालें, अशी आमची समजूत. वस्तुतः प्रकल्पाच्या फाइलींत असल्या थरांचा केवळ पत्ता असतो, माल दुसरीकडेच. त्या दिवशीं काम चालू असतां वीज गेली व प्रणालीस आवराआवर करतां आली नाहीं, म्हणूनच तीं नांवें वांचलीं होतीं. ज्या विजेस आम्हीं त्या दिवशीं बोल लावला, तिचेच हे उपकार!

आतां आम्ही पाळतों तो क्रम सांगतों. प्रथम प्रत्येक थराचा पत्ता पाहावा. जो हवा असून तात्पुरत्या कप्प्यांत असेल, तो कायमच्या नांवानें आपल्या फोल्डरांत जतन करावा, जुना थर प्रकल्पांतून काढून त्या जागीं नवा ठेवावा, आणि मग प्रकल्प जतन करावा. सर्व कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर प्रणाली बंद करून विंडोज व 'आर' ह्या कळा एकदम दाबाव्या. येणाऱ्या चौकटींत शेंकड्याच्या दोन चिन्हांमध्यें 'टेम्प' हा शब्द रोमन लिपींत लिहिला कीं कप्पा उघडतो. फायली तारखेप्रमाणें लावून जुन्या काढाव्या; जी 'वापरांत आहे' असें यंत्र सांगेल, तिला हात लावूं नये. शेवटीं, प्रणालीच्या सेटिंगांत सोय असल्यास तात्पुरता कप्पा मोकळ्या डिस्कवर न्यावा.

देवघरांतील निर्माल्य रोज काढावेंच लागतें. परंतु आमच्या मातोश्री तें चाळून पाहिल्यावांचून कधीं टाकीत नसत. फुलांच्या ढिगांत एखादे वेळीं बाळकृष्णच निघे. संगणकासहि तोच नियम लावावा, असें आम्हांस वाटतें. वहिनींचीं खाचरें आतां तीन ठिकाणीं जतन केलेलीं आहेत.