वेचल्याचे पैसे देता, वाहिल्याचे कोण देणार?

कपाशीची वेचणी सुरू झाली की एक फोटो हमखास फिरतो. बाईच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं, हात मोकळे, चाल ताठ. खाली कमेंटा, "काय तोल आहे!", "हीच आपली संस्कृती." मला या कौतुकाचा राग येतो.

वेचणीची मजुरी किलोवर असते. ओटीतला कापूस गाठोड्यात बांधायचा आणि वावरातून काट्यापर्यंत डोक्यावर न्यायचा, हेही बाईनंच करायचं. त्याचे पैसे शून्य. वर वाहण्यात जो वेळ जातो, तेवढी वेचणी बुडते. म्हणजे नुकसानही तिचंच.

तिकडे मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील मुंबईत लढले, बाबा आढाव पुण्यात लढले, तेव्हा कुठे हमालीला दर आणि हमालाला मान मिळाला. रास्तच झालं. पण ज्या माथ्यावरून 'माथाडी' शब्द आला, तो माथा शेतातल्या बाईला नाही का?

"सवय असते हो त्यांना," असं लगेच ऐकवतात. 1986 मध्ये केनियातल्या बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं त्या जास्तीची ताकद न लावता डोक्यावर नेतात, असं त्यात दिसलं. ठीक. पन्नास किलोच्या बाईला तो हिस्सा दहा किलोचा. पंधरा लिटरचा भरलेला हंडासुद्धा त्याच्या पुढे जातो. गाठोड्याचं तर तुम्हीच बघा, काटा तुमच्याच बांधावर आहे.

मी पण शेतकरी आहे. आमच्या वावरातही आजवर हेच चालत आलंय. कापसाला भाव नाही, हे मला कोणी शिकवू नये. पण भाव पडला म्हणून त्याचा भार बाईच्या मानेवर टाकायचा?

आपलं असोदा बहिणाबाईंचं माहेर. त्यांचं नाव जळगावच्या विद्यापीठाला दिलं, आपण पेढे वाटले. आता त्यांच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायांसाठी एवढं तरी करू. काटा वेचणीच्या ओळीपाशी न्या. गाठोडी बैलगाडीत नाहीतर हातगाडीवर टाका. तेही जमत नसेल तर वाहण्याचे पैसे वेगळे मोजा.

आमच्याकडे यंदापासून मोजणार. तुमचं काय?